सिगारचं वाळवण

मला सिगार ओढायची होती.

आधीच सांगून टाकते, कारण गेल्या दीड महिन्यात हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता ते आधार क्रमांकासारखं पाठ झालंय. मला. स्वतःला. ओढायची. नाही, कोणाला भेट द्यायची नव्हती. नाही, डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती. आणि नाही, आमच्या घरी सगळं ठीक आहे.

माझा भाचा वेदांत बोटीवर इंजिनिअर आहे. एप्रिलात सुट्टीवर येण्याआधी त्याने फोन केला, "रचनामावशी, तुला काय आणू?" आजवर त्याने मला हाताला लावायचं क्रीम आणलं, पायाला लावायचं क्रीम आणलं, आणि एक असं क्रीम आणलं की त्यावरची भाषा कोणालाच वाचता येईना, ते आम्ही दाराच्या बिजागरीला लावतो. म्हणून या खेपेला मी म्हटलं, "सिगार आण. एकच. पण चांगल्यातली."

तो हसला. पण पोरगा गुणी, आणली. लाकडी पेटीत काचेची नळी, नळीत सिगार. अंगठ्यापेक्षा जाड, जवळजवळ वीतभर लांब, पोटावर सोनेरी कागदाचा पट्टा. आमच्या लग्नात यांच्या अंगावर जो सूट होता, त्यापेक्षा हिचा थाट जास्त.

"कोणासाठी?" यांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"ते कळलं गं. पण म्हणजे नक्की कोणासाठी?"

हे विमा कंपनीत आहेत. अठ्ठावीस वर्षं लोकांचे क्लेम तपासतायत. त्यामुळे समोरचा माणूस काहीही म्हणाला की यांना आधी त्याचा कागद लागतो.

आता खरं कारण सांगते, पण ते घरात कोणाला सांगितलेलं नाही. मी कुठेतरी वाचलं होतं की चांगली सिगार ओढायला एक तास लागतो. घाई केली तर ती तापते आणि कडू होते. मध्येच बाजूला ठेवली तर विझते, आणि पुन्हा पेटवली की पहिल्यासारखी लागत नाही. हे वाचून मी हातातली भाजी तशीच ठेवून दोन मिनिटं बसून राहिले. चहा पुन्हा गरम करता येतो. पुस्तकात खूण घालता येते. मालिका तर मोबाईलवर पुन्हा दिसतेच. पण जगात एक वस्तू अशी आहे की ती हातात असताना बाईला उठवता येत नाही! माझं वय त्रेपन्न. सलग एक तास मला कोणी हाक मारली नाही, असं शेवटचं घडलं ते एमआरआयच्या बोगद्यात. तिथेही मशीनवाली बाई दोनदा बोललीच.

तेव्हा मला धूर नको होता. मला तो तास हवा होता. धूर त्याच्याबरोबर येत होता, त्याला माझी हरकत नव्हती.

मी अभ्यासाला लागले. माझं शिक्षण बारावीपर्यंत, पण संगणकावरचं टायपिंग, केकवरचं आयसिंग आणि यांचा आयकर हे सगळं मी माझं मीच शिकलेय. सिगार म्हणजे काय मोठीशी गोष्ट! पेटीत माहितीपत्रक होतं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा. मिनिटाला एकच झुरका. पुढे चवींचं वर्णन होतं: देवदाराचं लाकूड, कोको, ओली माती, जुनं चामडं. चामडं हे कौतुकाने लिहिलंय हे समजायला मला जरा वेळ लागला. मग एक चित्र होतं, सिगारच्या बंद टोकाची टोपी उडवायची, जेमतेम दोन मिलिमीटर. जास्त कापली गेली तर वरचं पान सुटत जातं आणि मग हातात नुसता पाचोळा राहतो. यांनी नेलकटर पुढे केला. मी तो परत केला.

प्रश्न होता जागेचा. आमचं घर विरार पश्चिमेला, आगाशी रोडवर, तिसरा मजला. एक हॉल, एक बेडरूम. हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीसमोर हे, यांच्या बाजूला सासूबाई. बेडरूमला दार आहे, पण ते बंद केलं की घरातल्या माणसांना माझी तब्येत बिघडलीसं वाटतं. गॅलरीच्या वरच दुसऱ्यांचे कपडे वाळत असतात. "अर्नाळ्याला जा की किनाऱ्यावर," हे म्हणाले. अर्नाळ्याला बोंबील सुकवणाऱ्या निम्म्या बायका मला नावाने ओळखतात. मी सिगार घेऊन वाळूत बसले असते तर मी घरी पोचायच्या आधी माझा फोटो आमच्या घरी पोचला असता.

राहिली गच्ची. आणि गच्ची म्हटली की सेक्रेटरी आला.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जितेशभाऊ. माणूस वाईट नाही, पण तंबाखूचा हाडवैरी. जिन्याच्या प्रत्येक वळणावर आणि गॅलऱ्यांखालच्या भिंतीवर त्याने पाट्या लावल्यात, थुंकणाऱ्यास दोनशे रुपये दंड. वॉचमनच्या खिशात पुडी सापडली तेव्हा याने सोसायटीची खास सभा बोलावली होती. त्याच्यापुढे मी गच्चीचा अर्ज ठेवला. छापील नमुना आहे. कारणाच्या रकान्यात चारच पर्याय: वाळवण, वाढदिवस, धार्मिक, टाकी सफाई. मी खाली रेघ मारून आपल्या हाताने लिहिलं होतं: सिगार, एक तास.

जितेशभाऊने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"साहेबांसाठी का वहिनी?"

"माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी." त्याने मान हलवली, दुखवट्याला आल्यासारखी. "वहिनी, माझा पर्सनल प्रॉब्लेम काहीच नाही हं. पण उद्या वरच्या मजल्यावरचे म्हणतील, आम्हाला हुक्का लावायचाय. मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आणि गच्ची पब्लिक प्लेस धरतात की नाही, हे आधी बघायला पाहिजे. तुम्ही असं करा, वॉर्ड ऑफिसातून लेखी आणा."

माझा अपमान झाला की मी नियमाने वागायला लागते, हा माझा जुना दोष आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी वॉर्ड ऑफिसात हजर. पहिल्या टेबलाने आरोग्य विभागाकडे पाठवलं. आरोग्य विभाग म्हणाला, आग लागण्याचा संभव आहे म्हणजे अग्निशमन. अग्निशमनवाले साहेब साइटवर होते. तीन वाजता ते आले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमची गच्ची, तुमची सिगार. ओढा की! विचारता कशाला?"

"तेवढंच लिहून द्या."

"लिहून नाही देता येणार. लिहून द्यायचं तर मी नाही म्हणणार."

चार वाजता मी घामाने भिजून घरी आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सहज कपाटाकडे पाहिलं. लाकडी पेटी उघडी. काचेची नळी धुऊन पालथी घातलेली. आत काही नाही.

"आई!"

घर रिकामं. सासूबाईंची काठीही नाही, वाळवणाचं धोतरही नाही. मी दोन जिने चढून गच्चीवर गेले.

मे महिन्याचं ऊन. जुनं धोतर पसरलेलं. एका बाजूला कुरडया, एका बाजूला सोललेल्या कोळंबीचे सोडे, आणि त्यांच्यामध्ये, सोड्यांच्या अंगावर जवळजवळ रेललेली, माझी सिगार. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सासूबाई, आशालता पाटकर, वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर पदर, हातात कावळे हाकायची काठी.

"आलीस? बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुझी ती वस्तू हाताला ओलसर लागली गं. म्हटलं, पाऊस तोंडावर आलाय, बुरशी धरेल. ऊन दाखवलं. सकाळपासून दोनदा परतली. दोन्ही बाजूंनी सारखी झालीय बघ."

मराठी बाईला ओलसर काही सापडलं की ती त्याला ऊन दाखवते. डाळ असो, गादी असो, तान्हं मूल असो. सिगारचा सगळा जीव त्या ओलाव्यातच असतो, तो टिकावा म्हणून लोक खास पेट्या बनवतात, हे माहितीपत्रकात होतं. पण ते इंग्रजीत होतं, आणि मी ते कोणाला वाचून दाखवलं नव्हतं. चिडायचं कोणावर? बाई सकाळपासून गुडघे धरून माझ्या सिगारची राखण करत बसली होती.

मी सिगार उचलली. भाजलेल्या पापडासारखी हलकी. अंगावर उभी चीर. नाकाला लावली. सोडे.

त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सल्लागार मंडळ भरलं. बातमी कशी फुटली विचारू नका, आमच्या बिल्डिंगमध्ये बातमीला जिना लागत नाही. कोणी म्हणालं, डब्यात पावाची स्लाइस ठेवा. कोणी म्हणालं, अर्धा बटाटा. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मोदकपात्रात पाच मिनिटं वाफवली तर?" हे म्हणाले, "क्लेम बसणार नाही. घरच्याच माणसाचा निष्काळजीपणा." मी यांच्याकडे असं पाहिलं की हे उठून पाण्याचा पंप सुरू झालाय का ते बघायला गेले.

शेवटी तळमजल्यावरचे युजीनकाका आले. काका वसईकडचे, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होते. त्यांनी जगातली बंदरं पाहिलीत आणि प्रत्येक बंदरात काय महाग मिळतं ते त्यांना अजून आठवतं. त्यांनी सिगार कानाशी धरली आणि बोटांमध्ये हलकेच फिरवली. कुरकुर ऐकू आली.

"बाय, ही बोलते गो," ते गंभीरपणे म्हणाले. "सिगारने बोलता कामा नये."

"मेली का काका?"

"मेली नाही. तहानलीय. पण हिला पाणी पाजायचं नाही, तिथेच तर सगळं आहे." त्यांनी थोडा विचार केला. "आगाशीला जिजाकडे जा. ती सुकेळी करते. तिला सिगार नाही कळणार, पण पान कळतं."

आगाशीची सुकेळी ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगते. राजेळी केळी पिकवतात, सोलतात, कितीतरी दिवस उन्हात धरतात आणि दर रात्री झाकून ठेवतात. मग ती तपकिरी, चिवट, मधासारखी गोड होतात. ती केळीच्याच वाळलेल्या पानात घट्ट गुंडाळून वर दोर आवळतात. हल्ली करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

दुसऱ्या दिवशी बस पकडून गेले. जिजाबाई वाडीत खाटेवर बसून दोर वळत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बोटांना केळीचे काळे डाग. मी रुमाल उघडून सिगार पुढे केली. त्यांनी वास घेतला.

"सोडे?"

"हो."

"ह्याला उनात कोनी घातलं?"

"सासूबाईंनी. ओलसर लागली म्हणून."

"बरोबर केलं तिनं. ओलं दिसलं तं ऊन दाखवाचं." त्यांनी सिगार उलटीपालटी केली. "पन हे फळ नाय ना, पोरी. हे पान हाय. कोन वापरतं हे? घरवाला?"

"मी."

जिजाबाईंनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. "बरं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"थोडं पाणी शिंपडून..."

"पानी लावलं तं कुजंल. सुकल्या पानाला पानी नाय देवाचं. त्याच्या बाजूला ओलं पान निजवाचं. ते आपसूक मऊ व्हतं." मग त्यांनी केळीचं अर्धवट वाळलेलं पान घेतलं, सिगार त्यात गुंडाळली, ते पुडकं एका मडक्यात ठेवलं, शेजारी हिरवं पान, वर फडकं. "आठ दिस. घाय नको."

आठ दिवस मी घाई केली नाही. सासूबाई त्या आठ दिवसांत गच्चीवर एकदाही गेल्या नाहीत. उरलेल्या कुरडया कच्च्याच राहिल्या. "गुडघे दुखतात," म्हणाल्या. ही आमच्या घरातली माफी मागायची पद्धत आहे. तोंडाने कोणी काही म्हणत नाही, फक्त एखादं काम थांबतं.

नवव्या दिवशी मी सिगार आणायला गेले. जिजाबाईंनी ती सुकेळ्यांसारखीच वाळक्या पानात बांधून दिली होती, वर दोर आवळलेला. "असंच ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. सोबत मी सहा सुकेळीही घेतली. सगळी सात पुडकी एकाच पिशवीत. त्यातलं माझं कुठलं हे मला ठाऊक होतं, ते जरा लांब होतं. घरी आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि पाय धुवायला मोरीत गेले.

पाय धुवायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत बेल वाजली. जितेशभाऊ आला होता, माझा अर्ज परत करायला. सासूबाईंनी त्याला बसवलं. घरी आलेल्या माणसाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय त्या त्याला जाऊ देत नाहीत, मग तो मीटर बघणारा का असेना.

"आगाशीची सुकेळी आलीत, घ्या," मला मोरीतून ऐकू आलं.

"अरे वा! राजेळी ना? आमची आजी करायची."

"हे मोठं घ्या, हे."

मी पाण्याचा तांब्या टाकून धावले. ओल्या पायांनी हॉलच्या फरशीवर मी जी घसरले ती सोफ्याला धरूनच थांबले. तोवर दोर सुटला होता, पान उलगडलं होतं, आणि जितेशभाऊने टीव्हीकडे बघत, आजीच्या आठवणीने डोळे अर्धवट मिटून, घास घेतला होता.

माणसाच्या चेहऱ्यावर एकामागून एक किती भाव येऊ शकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी आजी होती. मग शंका. मग जुनं चामडं. मग तो गॅलरीकडे धावला आणि तिसऱ्या मजल्यावरून, आपल्याच हाताने लावलेल्या पाटीच्या बरोबर वरून, थुंकला.

खाली युजीनकाका आपल्या कुंड्यांना पाणी घालत होते. ते एक पाऊल मागे सरले. वर पाहिलं.

"सेक्रेटरीसाहेब," ते अतिशय आदराने म्हणाले, "दंड कोणाकडे भरायचा असतो?"

जितेशभाऊ आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला पाणी दिलं. सासूबाईंनी गूळ दिला. सिगार टेबलावर होती. मऊ, गहिरी तपकिरी, वरची चीर जवळजवळ मिटलेली, आणि टोकाची टोपी नाहीशी झालेली.

"वहिनी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझ्या तोंडात तंबाखू गेला."

"चांगल्यातला आहे भाऊ. काळजी करू नका."

"हे सोसायटीच्या ग्रुपवर नको हं जायला."

"माझ्याकडून नाही जाणार. काकांचं मी काय सांगू?"

त्याने गुळाचा खडा तोंडात टाकला. मग त्याने खिशातून पेन आणि सोसायटीचा शिक्का काढला. अर्जावर मी लिहिलेला 'सिगार' हा शब्द त्याने काळजीपूर्वक खोडला आणि छापील पर्यायांपैकी एकावर बरोबरची खूण केली. खाली सही, शिक्का. मी वाचलं. कारण: वाळवण. वेळ: शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा.

"कागदोपत्री सगळं नीट असलं पाहिजे," तो म्हणाला आणि गेला.

मग युजीनकाका वर आले आणि सिगारचं टोक निरखत बसले. "वाह," म्हणाले. "असा कट अडकित्त्याने पण नाही जमणार. दात चांगले आहेत माणसाचे."

"पण उष्टी झाली की हो!" मी रडकुंडीला आले. दीड महिना. वॉर्ड ऑफिस. आगाशीच्या बसच्या दोन खेपा. आणि सेक्रेटरीची उष्टी सिगार!

यावर निकाल सासूबाईंनी दिला. "पेटवल्यावर कसलं उष्टं? अग्नी लागला की संपलं." अग्नी दुसऱ्या टोकाला लागतो, हे मला माहीत होतं. पण धर्मशास्त्रात मी त्यांच्याशी वाद घालत नाही. युजीनकाकांनी सासूबाईंचा अडकित्ता घेतला, टोकावरून केसभर कातर काढली आणि आम्हा दोघींचंही समाधान केलं.

शनिवारी साडेपाचला मी गच्चीवर गेले. प्लास्टिकची खुर्ची, ताटली, काड्यापेटी. लायटर नको, रॉकेलचा वास येतो, हे काकांनी बजावलं होतं. वाऱ्याने सहा काड्या विझवल्या. सातवीने धरलं. आधी नुसतं टोक शेकायचं, हळूहळू फिरवत, जसं आपण वांगं भाजतो. मग ओढायचं.

पहिला झुरका सोड्यांचा. यात अतिशयोक्ती नाही, आमच्या घरच्या सोड्यांचा. दुसरा, तिसराही तसाच. मी निराश होऊन अर्नाळ्याच्या दिशेच्या पांढुरक्या रेघेकडे बघत बसले. समुद्र असेल किंवा नुसता उजेड. मग कितव्या तरी झुरक्याला सोडे मागे सरले आणि एक गोडवा आला, पिकल्या केळ्याचा, केळीच्या पानाचा, जिजाबाईंच्या मडक्याचा. आणि त्याच्याही मागून, अगदी सावकाश, पाहुण्याने दार हळूच लोटावं तसं, दुसरं काहीतरी आलं. मिरी. जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो तो गंध. पहिला पाऊस अजून पडायचा होता तरी माती. माहितीपत्रकाने खोटं सांगितलं नव्हतं. मी धूर तोंडात घोळवला आणि सोडून दिला. तो टाकीला वळसा घालून सावकाश निघून गेला, त्यालाही कुठे जायचं नव्हतं.

राख पाव बोट वाढली. पडली नाही. मला तिचा अभिमान वाटला.

आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती पावलं मी तीस वर्षं ओळखते. चष्म्याचं घर सापडत नसणार, किंवा गॅस बुक करायचा नंबर हवा असणार. मी डोळे मिटले. संपला तास. वीस मिनिटं झाली होती, जगाच्या मानाने ती खूपच होती.

"आई? तू इथे काय करतेयस?"

मी मागे वळून पाहिलं. गच्चीच्या दारात, अर्ध्या उघड्या दाराला अडवून, सासूबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या. माझ्याकडे पाठ. आडवी काठी चौकटीला टेकवलेली. त्या कधी चढून आल्या मला कळलंही नव्हतं.

"बसलेय," त्या म्हणाल्या.

"रचना वर आहे ना? माझी ती निळी फाइल..."

"नाही."

"अगं, वरच आहे. धूर येतोय."

"वाळवण आहे."

"आई, वाळवणाला धूर येतो का कधी?"

त्यांनी कनवटीचा कागद काढला आणि मुलाच्या हातात दिला. सही, शिक्का. यांनी तो आधी नीट वाचला, मग मागची बाजू बघितली. अठ्ठावीस वर्षांची सवय. कागद बरोबर होता. पावलं खाली गेली.

त्यानंतर दोनदा कोणी आलं. एकदा चौथ्या मजल्यावरची बाई, एकदा कोण होतं कळलं नाही. दोन्ही वेळा तेवढंच. नाही. वाळवण आहे. मी ओढत होते. सासूबाईंच्या पाठीवरचा पदर वाऱ्याने उडत होता, आणि एका हाताने त्या गुडघा चोळत होत्या. त्यांच्यासाठी असं दार अडवून कधी कोणी बसलं होतं का, हे विचारायचं माझ्या मनात आलं. विचारलं नाही. या घरात मी तीस वर्षं आहे, मी तरी बसले नव्हते.

ऊन टाकीच्या मागे गेलं. सोनेरी पट्ट्यापर्यंत अजून दोन बोटं उरली होती.

"रचना," मागे न बघता त्या म्हणाल्या, "झाला का गं तुझा तास?"

मी घड्याळ पाहिलं. "अजून बारा मिनिटं आहेत, आई."

"मग बोलतेस कशाला? ओढ."